गुंडातलं पाणी

माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात आमच्या घरातल्या समुद्राच्या तपासण्या लिहिलेल्या आहेत: खारटपणा, तापमान, केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट. एका दिवसाचाही खाडा नाही. नुसते आकडे पाहिले तर कुणीही म्हणेल, काय सुरेख पाणी ठेवलंय या माणसानं. त्याच पाण्यात सगळं मेलं. का मेलं ते लिहायला त्या वहीत रकाना नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोरं पाठीमागे मला ‘सल्फ्युरिक’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते मला थोडं आवडतंही. आम्ही भंडाऱ्याजवळच्या शहापूरला राहतो, हायवेपासून दोन गल्ल्या आत. समुद्र आमच्यापासून कुठल्याही बाजूनं गेलं तरी लांबच. अशा ठिकाणी खाऱ्या पाण्याची टाकी आणून तिच्यात जिवंत कोरल वाढवायची, ही कल्पना माझीच. बायको म्हणाली, “वैनगंगा पुरत नाई काय तुमाले, आता समुद्र आणून राहिले घरात?” मी तिला आयनांचं संतुलन समजावून सांगायला लागलो तेव्हा ती कुकर लावायला निघून गेली.

टाकी मी हौसेनं आणली हे खरं, पण ती टिकवायची होती बाबांसाठी.

बाबांनी जन्मभर भंडाऱ्याच्या एका कारखान्यात पितळी भांडी ठोकली. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. घागरी, गुंड, पराती. पुढे लोकांच्या घरात स्टील आलं, मग प्लास्टिक आलं, आणि कारखाना कधी बंद झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाबांच्या उजव्या कानाला त्या ठोक्यांनी आलेला बहिरेपणा तेवढा राहिला. तरी ते घरात हिंडत-फिरत होते, आईशी वाद घालत होते, भाजीला जात होते. मग आई गेली. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी आपली खाट भिंतीकडे वळवली.

भिंतीकडे तोंड करून ते पडून राहत. जेवा म्हटलं तर दोन घास खात, नाही म्हटलं तर तेही नाही. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही नाही. मी त्यांच्यावर ओरडलोसुद्धा. “असं पडून मरायचं आहे का तुम्हाला?” असं विचारलं. मला भीती वाटत होती आणि माझी भीती नेहमी आवाज चढवूनच बाहेर येते.

टाकी बैठकीत बसवली तेव्हाही ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बादलीत मीठ ढवळत होतो, तर मागे येऊन उभे. वाकले, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

“खरंच खारट हाये गा,” ते म्हणाले.

चार महिन्यांत त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. बायकोनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी ढवळत राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसायला नको होतं.

तिथून पुढे बाबा माझे भागीदार झाले. केएच, म्हणजे पाण्याची अल्कता, मोजायची रीत साधी आहे: पाण्याच्या छोट्या नळीत निळा रंग येतो, मग एकेक थेंब टाकत जायचं आणि तो पिवळा झाला की थेंब मोजायचे. प्रॅक्टिकलमध्ये आम्ही पोरांकडून ब्युरेटनं करून घेतो तेच, फक्त लहान रूपात. नेमका कोणत्या थेंबाला रंग फिरला यावर माझं आणि किटच्या पत्रकाचं कधी जमायचं नाही. बाबांना ते लगेच दिसे. तापलेल्या पितळाचा रंग पाहून हातोडा केव्हा घालायचा हे ज्यानं पन्नास वर्षं ओळखलं, त्याला निळ्याचा पिवळा होताना काय कळणार नाही? “आता झाला,” ते म्हणत, आणि झालेला असे. मी थेंब मोजायचो, ते रंग धरायचे. सकाळी सहाला, चहाच्या आधी.

मोजताना माझं एक असे, की जगात दुसरं काही ऐकू येत नसे. कुणी काही विचारलं तर मी “हो, हो” म्हणून मोकळा व्हायचो. बायकोनं याचा चांगला फायदा उठवला. माहेरच्या लग्नाला आठ दिवस जायचं, पडदे बदलायचे, सगळ्या परवानग्या तिनं मी थेंब मोजत असतानाच घेतल्या. आम्ही यावर किती हसलो असू. बाबाही हसायचे.

दुसरं एक काम मी पूर्णपणे बाबांवर सोपवलं होतं. आमच्याकडचा उन्हाळा सांगायला नको. टाकी थंड राहावी म्हणून वर पंखे लावलेले, आणि त्या वाऱ्यानं रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जाई. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून भरायचं ते गोडं पाणी, तेही साधं नाही, आरओचं, ज्यात काहीच विरघळलेलं नाही असं. मी काचेवर मार्करनं रेष ओढून दिली. कोपऱ्यात आरओच्या पाण्याचा प्लास्टिकचा ड्रम ठेवला. “बाबा, रोज या रेषेपर्यंत.”

हे काम त्यांनी जीव ओतून केलं. सकाळी उठायचं कारण मिळालं त्यांना. खाट भिंतीपासून परत फिरली. दाढी व्हायला लागली. एका दुपारी मी घरी आलो तर माळ्यावरून आईचा पितळी गुंड खाली काढलेला आणि बाबा अंगणात बसून तो चिंचेनं घासत होते. हा गुंड त्यांनीच ठोकलेला, लग्नानंतर आईला पाणी आणायला म्हणून. आई गेल्यावर तो कुणाला बघवत नव्हता म्हणून वर टाकला होता. आता तो उन्हात सोन्यासारखा पडला होता आणि बाबा त्याच्या गळ्यावरून अंगठा फिरवत होते. मला एवढं बरं वाटलं! दुःख उतरलं, मी मनात म्हटलं. गुंड आत आला, बैठकीत टाकीशेजारी तिवईवर बसला. बाबा त्यातलंच पाणी पीत. आणखी त्याचं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही.

टाकीही फळाला आली होती. मोठं काही नाही. बटणांसारखी फुलणारी हिरवी-केशरी कोरल, एक लांब बोटांचं कोरल जे लाटेबरोबर डोलायचं, काच चाटत फिरणाऱ्या गोगलगायी, लाल पट्ट्यांचा एक झिंगा आणि दोन क्लाऊनफिश. बाबांचा जीव झिंग्यावर. ते बोट पाण्यात बुडवून ठेवत आणि तो येऊन त्यांची नखं कोरत बसे. गल्लीतल्या माणसांना बोलावून ते हा खेळ दाखवायचे.

एप्रिलमध्ये पहिली गोगलगाय उलटी पडलेली सापडली. मग दुसरी. आठवड्यात सगळ्या. बाबांनी त्या एकेक वेचून स्टीलच्या वाटीत ठेवल्या आणि मी कॉलेजातून येईपर्यंत वाटी मांडीवर घेऊन बसले.

मी सगळ्या तपासण्या केल्या. केएच बरोबर. कॅल्शियम बरोबर. मॅग्नेशियम, खारटपणा, नायट्रेट, सगळं पुस्तकात छापल्यासारखं. पुन्हा केल्या. पुन्हा तेच. दुसरं किट मागवून केल्या. मग झिंगा गेला. त्या दिवशी बाबांनी पाण्यात बोट धरून ठेवलं होतं, बराच वेळ. नंतर बटणं मिटली, आणि लांब बोटांच्या कोरलचं मांस पांढऱ्या सांगाड्यावरून सुटून पाण्यात तरंगायला लागलं.

मी पाणी बदललं. दोन दिवस सगळं जरा तरतरीत वाटलं, मग पुन्हा घसरण. मला दोषी हवा होता. मिठाची पिशवी भेसळीची असेल. लाइट जाते त्या वेळी पंप बंद पडतो, त्यानं असेल. मग मी बायकोच्या फिनाइलवर गेलो. तिनं बैठक पुसली त्या दिवशीच झिंगा मेला होता, असं मी वही दाखवून सिद्ध केलं. तिला वाट्टेल ते बोललो. ती म्हणाली, “तुमचे नंबर सारे बरोबर हायेत, त मग मरून काहून राहिले? नंबराले विचारा ना.” आणि तिनं त्या खोलीत पोछा मारणं सोडलं.

बाबा मात्र गप्प होत चालले होते. ताट अर्धं राहायला लागलं. गुंड तेवढा आता दिवसातून दोनदा घासला जाई. मला ते दिसत होतं. मी समजलो, आईची आठवण पुन्हा उसळली. मला धास्ती होती, की ही टाकी गेली तर हा माणूस परत भिंतीकडे वळेल आणि या वेळी काही त्याला उठवू शकणार नाही. म्हणून मी आणखी मोजत सुटलो.

एके दिवशी कॉलेजात काम लवकर आटोपलं आणि मी अकरालाच घरी आलो. दार उघडं होतं. बाबा टाकीशी उभे होते, कमरेशी गुंड टेकवलेला, आणि तांब्यानं पाणी काढून काचेच्या कडेनं हळू सोडत होते, धार जोरात पडून मासे बिचकू नयेत म्हणून. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते.

“बाबा, हे काय करताय?”

“गोडं पानी टाकून राहिलो. रेषेच्या खाली गेलतं.”

“ड्रममधलं का नाही?”

“ड्रममधलंच हाये. आदल्या दिवशी गुंडात काढून ठेवतो. पलास्टिकचा वास येते गा त्या पान्याले. गुंड खाली काढला तवापासून असंच करतो मी.” माझा चेहरा पाहून ते घाईनं म्हणाले, “मीठ नाई टाकत त्यात. मिठानं पितळ कळकते, मले मालूम नाई काय? साधं पानी. आता तं रोज दोन खेपा घासतो, म्हणलं पलास्टिकचं जहर उतरलं असन त्यात, गुंडात साफ होईन.”

मी तिथेच उभा राहिलो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं थोडं पाण्यात उतरलं तर माशांना एकवेळ चालतं, पण गोगलगाय, झिंगा आणि कोरल यांना ते विष. आणि आरओचं पाणी रिकामं असतं. ज्याला शिवेल त्यातलं काहीतरी ओढून घेतं. चिंचेनं लख्ख घासलेल्या, ताज्या पितळात ते रात्रभर ठेवायचं, सकाळी टाकीत घालायचं. पाणी उडणार, तांबं मागे राहणार, रोज थोडं थोडं साठणार. जेवढं मरत होतं, तेवढे बाबा जास्त घासत होते. आणि मी, दरवर्षी पोरांना तांबं ओळखायची परीक्षा शिकवणारा, अमोनिया घालून गर्द निळा रंग आणून दाखवणारा मी, वहीत सगळं लिहीत होतो आणि तांब्याचा रकानाच नव्हता.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी ओरडलो.

“तुम्हीच मारलं बाबा सगळ्यांना! तुमच्या या गुंडानं मारलं!”

मग मी त्यांना वर्गात समजावतात तसं सगळं समजावून सांगितलं. तांबं, जस्त, रिकामं पाणी, रोजचं साठणं. एकही पायरी सोडली नाही. बाबांचा चांगला कान माझ्याकडे होता. ते शेवटपर्यंत ऐकत होते, दोन्ही हात गुंडावर ठेवून. नंतर त्यांनी तो जमिनीवर ठेवला.

“म्हणजे मीच,” ते म्हणाले. बास, एवढंच.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किट घेऊन बसलो तर ते आले नाहीत. खाट भिंतीकडे वळलेली होती.

तांबं मोजायचं किट कुरिअरनं यायला चार दिवस लागले. पहिल्यांदा तपासलं तेव्हा नळीत रंग चढला, चांगला गडद. रंग वाचायला बाबा शेजारी नव्हते, पण तो वाचायला कुणाची गरजही नव्हती. बायको चहा ठेवायला आली होती. तिनं नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमाले एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “रागावू नका. मामाजीनं तुमाले विचारलं होतं.”

“काय विचारलं होतं?”

“गुंडाचं. ज्या दिवशी गुंड खाली काढला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी इथंच होती, चहा घेऊन. मामाजी म्हणाले, हे पानी गुंडात काढून ठेवलं तं चालते काय रे? तुमी थेंब मोजून राहिले होते. हो, हो म्हणाले.”

मला आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला, आजही करतो, ती सकाळ मला आठवत नाही. पण माझ्या बायकोनं मला कधी खोटं सांगितलेलं नाही, आणि माझा “हो, हो” कसा असतो ते मला ठाऊक आहे. त्यावर आम्ही किती हसलो होतो.

बाबांना ते आठवत होतं. मी अंगणापर्यंत ऐकू जाईल असा ओरडत होतो तेव्हा त्यांना ते नक्की आठवत होतं. एका शब्दानं ते माझं तोंड बंद करू शकले असते. ते म्हणाले, म्हणजे मीच.

पुढचे दोन महिने मी पाणी बदलत राहिलो, फिल्टरमधला कार्बन बदलत राहिलो, तांबं ओढून घेणाऱ्या पिशव्या टाकत राहिलो. टाकीतल्या दगडांतसुद्धा ते मुरलेलं, एका आठवड्यात कमी होई, पुढच्या आठवड्यात पुन्हा चढे. आत फक्त दोन क्लाऊनफिश उरले होते. ते मजेत होते. पांढऱ्या सांगाड्यांमधून फिरायचे, दाण्याला वर यायचे. त्यांच्याकडे बघून मला संताप यायचा, आणि संताप यायचा म्हणून माझीच लाज वाटायची.

बाबा दिवसेंदिवस हलके होत चालले आहेत. त्यांना उठवून बसवताना ते हाताला कळतं. मी आता ओरडत नाही. जेवा म्हणतो, ते दोन घास खातात. एका गोष्टीनं मात्र मी पुरता खचलो. त्यांनी बायकोकडे पाणी मागितलं, तिनं पितळी गडव्यात आणून दिलं, जन्मभर ते ज्यात प्यायले त्यात. त्यांनी घेतला नाही. “पलास्टिकची बाटली हाये काय घरात?” म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या उशाशी बाटली असते, आमच्या लेकीनं शाळेत असताना वापरलेली, निळ्या झाकणाची. गुंड माळ्यावर गेला. तो कुणी ठेवला ते मला माहीत नाही. त्यांच्याच्यानं तर शिडी चढवत नाही.

काल तांबं शून्य आलं. मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा नळी पाण्यासारखी स्वच्छ. मग मी बाबांच्या खाटेशी जाऊन जमिनीवर बसलो, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला.

“बाबा, तांबं गेलं. पाणी साफ झालं. नव्या गोगलगायी मागवू. झिंगा मागवू. तुम्ही फक्त रंग सांगायला या.”

खांद्याचं हाड वर-खाली होत होतं.

“बाबा,” मी म्हणालो, “तुम्ही मला विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो. माझी चूक आहे. तुमची नाही.”

मला वाटलं, झोप लागली असेल. मग भिंतीकडे तोंड असतानाच त्यांनी हात मागे आणला आणि माझा गुडघा चाचपून त्यावर ठेवला.

“तू मोजून राहिला होतास गा,” ते म्हणाले. “मीच चुकीच्या टायमाले इचारलं.”

हात परत गेला. मी आणखी थोडा वेळ बसलो. उठून बैठकीत आलो. टाकीतलं पाणी रेषेच्या दोन बोटं खाली गेलं होतं. मी ड्रममधून प्लास्टिकचा मग भरून घेतला आणि रेषेपर्यंत पाणी घातलं.